दोन खटल्यांचा ड्रम

नलू पागधरे पोलिसात होती, पण तिच्या हातात काठी मी कधी पाहिली नाही. खांद्याला एक खाकी पिशवी असायची आणि पिशवीत समन्स. कोर्टाने कुणाला बोलावलं की तो कागद त्या माणसापर्यंत नेऊन द्यायचा, सही नाहीतर अंगठा घ्यायचा आणि पोच कोर्टात आणून द्यायची, एवढंच तिचं काम. ठाण्यात या कामाला कुणी राजी नसायचं. दिवसभर उन्हात फिरायचं आणि वर चहासुद्धा मिळत नाही, कारण समन्स घेऊन येणारा पाहुणा कुणाला नको असतो. नलूने हे काम चौदा वर्षं केलं. मी कोर्टाच्या फाटकासमोर टायपिंगचं टेबल लावतो. ती जाता-येता माझ्या बाकावर टेकायची. पुढचं बरंचसं तिच्या तोंडून ऐकलेलं आहे, काही मी स्वतः पाहिलं.

ती किनाऱ्यावरच्या दांडीची. बाप बोटीवर, आई सुकी मासळी विकणारी. आईचा फेरा लांबचा: दांडीहून बोईसर, तिथून बेटेगाव, आणि त्याच्याही पुढे डोंगराच्या पायथ्याचे पाडे. शाळेला सुट्टी असली की नलू आईच्या मागे जायची. कुणाचं घर कुठल्या पाड्यात, कुणाची लेक कुठे दिली, दिवाळी झाली की कोण कुठल्या वीटभट्टीवर जातं, हे तिला त्या वयातच पाठ झालं. नोकरीत तेच कामी आलं. बाकीचे शिपाई दोन दारं वाजवून ‘इसम मिळून आला नाही’ असं लिहून परत यायचे. नलू विहिरीवर जाऊन बायकांत बसायची आणि अर्ध्या तासात त्या इसमाचा पत्ता, सासुरवाडी आणि परत येण्याचा दिवस घेऊन उठायची. एखादी म्हातारी तिच्या पिशवीकडे बघून अजूनही विचारायची, “बोंबील हायत का गो?”

“नाय गो आये, आज कोर्टाचा कागद हाय.”

म्हातारी मग हिरमुसून आत जायची.

आता चिंधूचं सांगतो. बेटेगावच्या पुढे एका पाड्यावर तो आणि त्याची बायको भागी राहतात. पावसाच्या पाण्यावरची थोडी जमीन, भात निघालं की बाहेरगावी मजुरी. तीन-चार वर्षांपूर्वी, उन्हाळ्याच्या तोंडाला, त्याला एम.आय.डी.सी.च्या मागच्या नाल्याकाठी एक निळा प्लास्टिकचा ड्रम पडलेला दिसला. आपल्याकडे पाणी साठवायला घरोघरी असलाच ड्रम असतो. त्याने तो सायकलला बांधला आणि घरी नेला. झाकण उघडून, चिंधी घेऊन आतून पुसायला हात घातला. आत काय होतं ते ड्रमवर कुठेच लिहिलेलं नव्हतं. दोन्ही हातांची कातडी कोपरापर्यंत सोलून निघाली.

भागीने त्याला रुग्णालयात नेलं. तिथल्या डॉक्टरने कशाने भाजलं, ड्रम कुठे सापडला, सगळं रीतसर लिहून ठाण्याला कळवलं. डोंगरातल्या लोकांची संघटना दोन दिवस ठाण्याच्या दारात बसली, तेव्हा गुन्हा नोंदला गेला. आरोपी, त्या नाल्याला लागून असलेल्या रसायनांच्या कारखान्याचे मालक सुजीतशेठ. घातक रसायनाचा ड्रम उघड्यावर टाकून माणसाला इजा केली, असा तो गुन्हा.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच कारखान्याचा सुरक्षा अधिकारी ठाण्यात आला. त्याची तक्रार, आमच्या आवारातून एक ड्रम चोरीला गेला आहे. तीही नोंदली गेली. आरोपी, चिंधू.

सुजीतशेठांना अटकेची वेळच आली नाही. त्यांच्या वकिलांनी अटकपूर्व जामीन आणूनच ठेवला होता. चिंधूला रुग्णालयातून घरी सोडलं आणि तो दारापर्यंत पोचायच्या आत अटक झाली. अटकेच्या कागदावर अंगठा लागतो. त्याच्या दोन्ही हातांना बँडेज. जमादार जरा वेळ विचारात पडला, मग त्याने चिंधूला चप्पल काढायला सांगितली आणि डाव्या पायाच्या अंगठ्याचा ठसा घेतला. कामात कसूर झाली असं कुणाला म्हणता येणार नाही.

जामीन मंजूर झाला, पण जामीनदाराच्या नावावर सातबारा पाहिजे होता. पाड्यात सगळ्यांची वनजमीन. ती पिढ्यान्‌पिढ्या कसलेली, पण कागद नाही. सातबारावाला माणूस मिळेपर्यंत तेवीस दिवस गेले. तुरुंगात बराकीतली माणसं त्याला पाळीपाळीने जेवण भरवायची. त्यांतल्या एकावर दरोड्याचा आरोप होता. तो फार मायेने भरवायचा, असं चिंधू अजून सांगतो.

वर्षभराने दोन्ही खटले कोर्टात उभे राहिले आणि दोन्ही समन्स एकाच दिवशी नलूच्या पिशवीत आले.

चिंधू तेव्हा वसईकडच्या एका भट्टीवर होता. विटा थापायला त्याची बोटं वळत नव्हती, म्हणून तो पाणी शिंपायचं काम करायचा. नलू दोन एसट्या बदलून तिथे पोचली. चिंधूने मुकाट्याने अंगठा पुढे केला. त्यावर रेषाच उरल्या नव्हत्या. कागदावर नुसता निळा डाग उमटला. नलूने खाली लिहिलं, ‘अंगठा याच इसमाचा आहे, मी पाहिला आहे.’

“म्या कवा येवाचा?” त्याने विचारलं.

“चौदा तारखेला. सकाळी अकराला. चुकवू नको हां, दादा. नाय आलास तर वॉरंट निघंल.”

सुजीतशेठांचा कारखाना ठाण्यापासून चालत पाच मिनिटांवर. नलू गेली तेव्हा शेठ मुंबईला होते. पुढच्या खेपेला मीटिंगमध्ये, त्याच्या पुढच्या खेपेला पूजेत. चौथ्या खेपेला पहारेकऱ्याने तिला बाकावर बसवलं आणि ती तीन तास बसली. मग ठाण्यात येऊन तिने अहवाल लिहिला. मोठ्या साहेबांनी तो वाचला आणि तिला आत बोलावलं.

“पागधरे, हे काय लिहिलंय?”

“घडलं ते, साहेब. शेठ आत होते. त्यांचा चहा माझ्यासमोरून गेला.”

“चहा गेला म्हणजे शेठ आत आहेत, हे कसं सिद्ध होतं?”

“बिनदुधाचा होता, लिंबू घातलेला. तिथे दुसरं कोणी तसा पीत नाय. शिपायानंच सांगितलं.”

“‘मिळून आले नाहीत’ असं लिही.”

“तसं कसं लिवू, साहेब? परवा ते तुमच्याच केबिनमधून बाहेर पडत होते, तेव्हा मी त्यांना नमस्कार केला.”

साहेबांनी कागद फाडला आणि दुसऱ्याकडून लिहून घेतला. कायद्यात आणखी एक सोय आहे. माणूस भेटतच नसेल तर समन्स त्याच्या दाराला चिकटवता येतं. नलूने दोन पंच घेतले आणि बंगल्याच्या फाटकाला समन्स चिकटवलं. संध्याकाळपर्यंत फाटकाला नवा रंग लागला होता. रंग चांगला होता, असं ती म्हणाली.

असं वर्षभर चाललं. तारीख बहुधा चौदाचीच पडायची आणि चिंधू प्रत्येक तारखेला हजर. एकदाच, भागी आजारी होती म्हणून, त्याची तारीख चुकली. वॉरंट निघालं आणि दोन पोलीस जीप घेऊन पाड्यावर गेले. शेठच्या बाजूची फाइल दर तारखेला वर यायची आणि ‘समन्सची बजावणी झालेली नाही’ एवढं ऐकून खाली जायची.

मग महिला दिन आला. ठाण्यात कार्यक्रम ठरला. सबंध वर्षात सगळ्यात जास्त समन्स बजावल्याबद्दल नलू पागधरेचा सत्कार, आणि प्रमुख पाहुणे सुजीतशेठ. स्वच्छतेसाठी त्यांनी ठाण्याला पंचवीस कचरापेट्या भेट दिल्या होत्या. निळे ड्रम मधोमध कापून केलेल्या, बाहेरून कारखान्याचं नाव रंगवलेलं. त्या मंचाच्या दोन्ही बाजूंना मांडून ठेवल्या होत्या.

आदल्या दिवशी नलू माझ्याकडे आली होती. तिने विचारलं, “समन्स कुठे द्यावं, असं कायद्यात काय लिवलंय का हो? घरीच, कचेरीतच, असं?”

“माणूस जिथे भेटेल तिथे,” मी म्हणालो.

ती मान हलवून निघून गेली. त्या प्रश्नामागे काय होतं, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

शेठनी तिला शाल घातली, श्रीफळ दिलं, वर कौतुकाचे दोन शब्दही बोलले. नलूने वाकून नमस्कार केला आणि शालीखालून एक कागद काढून पुढे धरला. “साहेब, इथं एक सही.” भेट मिळाल्याची पोच असेल असं शेठना वाटलं. त्यांनी खिशातलं पेन काढून सुरेख सही केली. नलूने एक प्रत त्यांच्या हातात दिली आणि खाली जाऊन आपल्या खुर्चीवर बसली. शेठनी कागद वाचला तोवर पुढचा सत्कार सुरू झाला होता आणि लोक टाळ्या वाजवत होते. फोटोग्राफरने नेमकं सही करतानाच बटण दाबलं होतं. दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात ‘महिला पोलिसांचा गौरव’ म्हणून तोच फोटो छापून आला, त्यामुळे बजावणी झालीच नाही असं म्हणायची सोय राहिली नाही.

दोन दिवसांत नलूला मेमो मिळाला. कार्यक्रमाचं औचित्य राखलं नाही, असा ठपका होता. तिची बढती त्या वर्षी हुकली आणि तिला समन्सच्या कामावरून काढून मुद्देमालाच्या खोलीत बसवलं. गुन्ह्यात जप्त केलेल्या वस्तू तिथे ठेवतात. चोरीच्या मोटारसायकली, कोयते, देशी दारू भरलेले फुगे. कोपऱ्यात एक निळा ड्रम होता आणि त्याच्या कानाला दोन खटल्यांची दोन लेबलं.

खोलीत काम काहीच नसायचं, म्हणून नलूने ड्रमची कागदपत्रं वाचायला घेतली. चोरीच्या खटल्यात कारखान्याचा अर्ज होता. ‘बुडाला ४१२ नंबर कोरलेला ड्रम आमच्या मालकीचा असून तो परत मिळावा.’ सोबत ड्रमची यादी, तीत ४१२ होता. दुसऱ्या खटल्यातही कारखान्याचं पत्र होतं. ‘सदर ड्रमशी आमचा काहीही संबंध नाही.’ त्याच्यासोबतही यादी होती. तीत ४११ नंतर एकदम ४१३ यायचा. दोन्ही याद्यांवर सही एकच, मॅनेजर प्रदीपची.

ती सरकारी वकिलांकडे गेली. त्यांनी दोन्ही कागद वाचले, चष्मा काढला आणि म्हणाले, “बाई, तुमचं खरं आहे. पण तो कागद त्या खटल्यातला. या खटल्याच्या रेकॉर्डवर तो नाही.”

“आणायचा मग.”

“आता साक्षी संपत आल्या,” ते म्हणाले आणि चष्मा परत लावला.

दोन्ही खटल्यांत ड्रम ओळखायचा दिवस एकच आला. मी त्या दिवशी टेबल सोडून आत गेलो होतो. पहिल्या दालनात सुरक्षा अधिकाऱ्याने ड्रम आडवा केला, बुडाचा नंबर वाचला आणि शपथेवर सांगितलं, “हा आमचाच.” पिंजऱ्यात चिंधू हात मागे लपवून उभा होता. तिथलं काम आटोपल्यावर नलूने ड्रम पलीकडच्या दालनात लोटत नेला. फरशीवर त्याचा एवढा गडगडाट झाला की शिरस्तेदार बाहेर येऊन बघून गेला. तिथे शेठ नव्हते. पाठदुखीमुळे त्यांना हजेरीतून कायमची सूट मिळाली होती. मॅनेजर प्रदीपने ड्रमकडे पाहिलं आणि शपथेवर सांगितलं, “हा आमचा नाही.”

निकाल एकाच आठवड्यात लागले. ड्रम कारखान्याचा असल्याचं सिद्ध झालं, म्हणून चिंधू चोरीत दोषी. शिक्षा, तुरुंगात काढलेले तेवीस दिवस, म्हणजे भोगून झालेलीच. ड्रम कारखान्याचा असल्याचं सिद्ध झालं नाही, म्हणून सुजीतशेठ निर्दोष. आपापल्या टेबलावरचे कागद बघता दोन्ही न्यायाधीश बरोबर होते. दालनं दोन होती, मधे एक भिंत होती.

चिंधू खूश होता. आता आत जावं लागणार नाही, एवढंच त्याला समजलं होतं. पण चोर ठरल्यामुळे त्याला बागायतीत कुणी कामाला घेईना, तेव्हा भागी नलूला शोधत आली. नलू तिला घेऊन माझ्या टेबलाशी आली आणि तिथेच तेजलला बोलावलं. तेजल गरिबांचे खटले सरकारतर्फे फुकट लढवणारी तरुण वकील. तिने दोन्ही निकाल शेजारी शेजारी ठेवून वाचले.

“अपील करू,” ती म्हणाली. “दुसऱ्या खटल्यातली ती यादी आणि प्रदीपची साक्ष, दोन्हींच्या प्रमाणित नकला जोडू. काका, घ्या टाइप करायला.”

ते अपील मी टाइप केलं. माझ्या एवढ्या वर्षांत मी इतकं सोपं अपील पाहिलेलं नाही. वरच्या कोर्टाने पहिल्याच सुनावणीत प्रदीपची साक्ष वाचून कारखान्याच्या वकिलांना विचारलं, “ड्रम तुमचा आहे की नाही?” त्यांनी अशिलाला विचारून सांगायला मुदत मागितली. दोन मुदतींनंतरही उत्तर आलं नाही आणि चिंधू निर्दोष सुटला.

सुजीतशेठ निर्दोष होते ते तसेच राहिले. त्यांच्याविरुद्ध अपील करायचं तर सरकारने ठरवायला हवं. तसा प्रस्ताव गेला आहे आणि तो विचाराधीन आहे. तेजल महिन्याला एकदा चौकशी करते.

निकालाची नकल द्यायला नलू रजा टाकून पाड्यावर गेली. तिने चिंधूला सगळं समजावून सांगितलं: तू चोर नाहीस, तारीख संपली, परत यायचं नाही. भागीने काळा चहा केला. चिंधूने कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून छपराला खोवला.

पुढच्या चौदा तारखेला सकाळी दहा वाजता तो कोर्टाच्या आवारात, नेहमीच्या चिंचेखाली बसलेला होता. मी जाऊन विचारलं, तर म्हणाला, “कागदात काय हाय ता म्हाला वाचता नाय येत. नाय आलो आन्‌ वॉरंट निघाला तं?” मी नलूला फोन केला. ती मुद्देमालाची खोली बंद करून, अर्ध्या तासाची सुट्टी मागून आली. त्याला आत नेलं, बोर्डावर त्या दिवशीच्या खटल्यांची यादी लावलेली होती, ती बोट ठेवून एकेक नाव वाचून दाखवली. त्याचं नाव कुठेच नव्हतं. त्याने तिला पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचायला सांगितली. तिने वाचली.

मग तो दोनच्या गाडीने घरी गेला.