नाव तेवढे सांगायचे नाही

आयुष्यात पहिल्यांदा मत द्यायला गेलो, तेव्हा मी ज्यांचे नाव घेतले ते गृहस्थ निवडणुकीला उभेच नव्हते. ते होते आमचे शिरस्तेदार, म्हणजे कारकुनांचे वरिष्ठ. ठाण्याच्या मिठाच्या कचेरीत आम्ही कारकून मंडळी त्यांना रावसाहेब म्हणत असू. आणि त्यांच्याइतका निःपक्षपाती माणूस खाडीच्या अलीकडे झाला नाही आणि पलीकडे होणार नाही, असे माझे आजही ठाम मत आहे.

म्युनिसिपालिटीत लोकांनी निवडलेली माणसे बसणार, ही गोष्ट तेव्हा इतकी नवी होती की 'उमेदवार' म्हटले की आम्हाला कचेरीत बिनपगारी राबणारा होतकरूच आठवे. "त्याला पगार द्यायचा सोडून मत कशाला द्यायचं?" असे मी भर कचेरीत विचारून बसलो होतो. रावसाहेबांनी कपाळाला हात लावला, पण समजावणे सोडले नाही. ज्याच्या नावावर घरपट्टी आहे त्या प्रत्येक कारकुनाने मत दिलेच पाहिजे, हा त्यांचा ध्यास. "पाय घराबाहेर काढा, एवढंच माझं म्हणणं. नाव तुमचं तुम्ही ठरवा."

उभे होते दोघे. एक वकील आणि एक पाटील, मिठागरांचे मालक. पाटलांची मिठागरे आमच्याच कचेरीच्या देखरेखीखाली, म्हणून कचेरीच्या मुख्य साहेबाने सर्वांदेखत बजावले होते, "इथून कोणाच्या बाजूने एक शब्द बाहेर गेला, तर शिरस्तेदार घरी जाईल." रावसाहेबांना दोन मुली उजवायच्या होत्या आणि पेन्शन अगदी दारात येऊन उभी होती. दुसरा कोणी असता तर मूग गिळून बसला असता. रावसाहेबांनी मत द्या म्हणणे सोडले नाही. फक्त जिभेला असा काही लगाम घातला की बघणाऱ्याला घाम फुटावा. वाटेत वकिलांचे घर लागते आणि आडवाटेने पाटलांचे, म्हणून ते तळ्याला वळसा घालून चिखलातून कचेरीत येऊ लागले. दोघांचा उल्लेख 'उत्तरेकडचे' आणि 'दक्षिणेकडचे' असा करीत. मग उत्तर नेहमी आधी येते हे ध्यानात येताच दुसऱ्या दिवसापासून आलटूनपालटून म्हणू लागले. वकिलांचे पागोटे लाल, म्हणून स्वतःचे लाल पागोटे त्यांनी पेटीत टाकले आणि पांढरे बांधले. पाटील पांढरे बांधतात असे कळल्यावर तेही काढले आणि टोपी घालून आले. त्यांच्या भुंड्या टोपीकडे बघून सारी कचेरी हसली, पण हसताना साहेबाच्या दाराकडे बघत होती.

माझी पंचाईत निराळीच होती. वकील म्हणजे आमच्या सौभाग्यवतींचे सख्खे मामा. "मामांना मत पडलं नाही, तर दिवाळीला माहेरी कोणतं तोंड घेऊन जायचं, तेवढं इकडून सांगावं," अशी घरात सूचना झाली होती. आणि आमचे पिण्याचे पाणी पाटलांच्या विहिरीचे! मी रोज रावसाहेबांच्या मागे लागे. "नुसती खूण करा हो. डोळा मिचकावलात तरी चालेल." त्यावर ते दोन्ही डोळे घट्ट मिटून घेत.

मतदान शाळेत होते. टेबलामागे मामलेदार, उजवीकडे खुर्चीवर वकील, डावीकडे पाटील. मतदाराने मध्ये उभे राहून मोठ्याने नाव सांगायचे. आम्हा कारकुनांना घेऊन आलेले रावसाहेब माझ्या मागेच उभे. मामलेदारांनी विचारले, "कोणाला?" उजवीकडे दिवाळी दिसली, डावीकडे विहीर. आणि मी ओरडलो, "आमच्या रावसाहेबांना!"

वकील ताडकन उठले. "ऐकलंत? शिरस्तेदार कारकुनांना पढवून आणताहेत! हे साहेबांच्या कानावर गेलंच पाहिजे." मी मागे पाहिले. रावसाहेबांचा चेहरा कागदासारखा झाला होता. पाटील तेवढे पुटपुटले, "आरं, त्याला बी नाय, मना बी नाय, मंग मत काय हिरीत टाकलं?" पण कोणी हसले नाही.

मामलेदार माझ्यावर नजर रोखून म्हणाले, "खरं सांगा. यांनी तुम्हाला कोणाचं नाव सांगितलं?"

"नाव?" माझा तोलच सुटला. "महिनाभर पाय धरतोय यांचे! खूण करा म्हटलं तर डोळे मिटतात. नाव सांगितलं असतं, तर माझी अशी शोभा झाली असती का, साहेब?"

मागून सगळे कारकून एका सुरात तक्रार करू लागले, "आम्हालाही नाही सांगत!" मामलेदारांनी उपरण्यात तोंड लपवले. त्यांचे खांदे हलताना पाहून वकील खाली बसले.

"आता नीट सांगा. कोणाला?"

मी पुन्हा मागे पाहिले. रावसाहेब भिंतीकडे तोंड करून, दोन्ही कानांत बोटे घालून उभे होते. त्या पाठीकडे बघून माझ्या अंगात कुठून तरी धीर आला आणि मी एक नाव सांगितले.

पेन्शन घेऊन ते कल्याणला राहायला गेले. दुखणे वाढल्याचे कळले तेव्हा भेटायला गेलो. अंथरुणात फार लहान दिसत होते. इकडचे तिकडचे बोलणे संपले, उठवेना. शेवटी म्हणालो, "रावसाहेब, त्या दिवशी मी कोणाचं नाव घेतलं, ते आता तरी सांगू का?"

त्यांनी दोन्ही डोळे मिटून घेतले.

"नको. तुम्ही तोंड उघडलंत की माझ्या छातीत धडधडतं, आणि वैद्यांनी नेमकं तेच वर्ज्य सांगितलंय."