हसणाऱ्यांची नावे

मयत इसम: काशिनाथ, मुद्रांक विक्रेते, राहणार मौजे चौक, वय अंदाजे त्रेपन्न. दिनांक: गेल्या महिन्यातील दुसरा मंगळवार, सकाळ. साक्षीदार: त्यांच्या पत्नी, आणि निरोप मिळताच निघालेला मी, खालापूर कचेरीबाहेरचा अर्जलेखक. परंतु 'मिळताच' हा शब्द पूर्णतः खरा नाही. हातात एका पक्षकाराचा वारसनोंदीचा अर्ज होता, तो मी आधी पुरा केला. असे का केले, हे मला अद्याप उमगलेले नाही...

वीस-बावीस वर्षे आमची बाकडी शेजारी होती. ते कागद देत, मी मजकूर करीत असे. माझा अर्ज सहसा परत येत नाही, हे तेच लोकांना सांगत. मागील वैशाखात ते एके दिवशी केस काळे करून आले. दुपारच्या उकाड्यात कानामागून काळा ओघळ उतरला. मी सर्वांदेखत विचारले, "काशिनाथराव, ही प्रत अस्सल की नक्कल?" सारी पडवी हसली. तेही हसले. दुसऱ्या दिवसापासून मात्र ते टोपी घालू लागले.

त्यांच्या मुलाने घरी टीव्ही आणला होता. त्यावर आठवड्यातून एकदा लागणारी एक विनोदी मालिका पाहण्यास मी चौकला जात असे. तीत पन्नाशीतला एक कारकून होता. तो कधी तरुणांसारखी विजार शिवून घेई, कधी संसार सोडून गाणे शिकण्यास निघे. बायकोमुले फिरकी घेत आणि अर्ध्या तासात सारे मिटे. एका भागात तो केस रंगवून आरशासमोर उभा राहिला, तोच न दिसणाऱ्या माणसांचा हशा उसळला. मीही त्यात सामील होतो. काशिनाथरावांनी हळूच विचारले,

"ह्ये हसतंय कोन रं? दिसत तर कोनी नाय."

हसणे आधीच भरून ठेवलेले असते, असे मी समजावले.

"मंग त्यांच्यावर एक अर्ज लिव. त्यो मानूस गंमत नाय करत. मला बी आरशात माजा बापूस दिसतो रं."

सामनेवाल्याचे नाव-गाव नसल्यास अर्ज दाखल होत नाही, असे मी सांगितले. नियमाने ते बरोबरच होते. "राऊ दे मंग," एवढेच म्हणून त्यांनी वहिनींना चहा टाकण्यास सांगितले.

तेराव्यानंतर वहिनींनी त्यांची मुद्रांकांची पेटी माझ्यासमोर ठेवली. आत एक घडी घातलेला कागद होता. अक्षर त्यांचे, मांडणी माझी. अर्जदार म्हणून त्यांचे नाव, विषय 'हसण्याबाबत'. 'सामनेवाले' या शब्दापुढची जागा कोरी. नाव त्यांना ठाऊक नव्हते, की ठाऊक असून भिडेखातर लिहिले नाही... मी वहिनींनाच विचारले.

"मला काय ठावं, भावजी? तुमी आलात की लय हसायचे. तुमी नसलात की टीवी लावायचेच नाय."

याचा अर्थ मी अनेक परींनी लावून पाहिला. एकही टिकत नाही.

तो कागद आता माझ्या बाकड्यावर आहे. कोऱ्या जागेत मी माझे नाव लिहिले आहे, वय अंदाजे एक्कावन्न. अर्जदार हयात नसता असा अर्ज कोणापुढे चालतो, हे मला माहीत नाही. तरी जाणत्या वाचकांनी तो दाखल समजावा, आणि सामनेवाल्यास काय ते लेखी कळवावे, ही नम्र विनंती.