मुरमुर

नात पहिल्यांदा माझ्याकडे हात पसरून "मुरमुर" म्हणाली, तेव्हा मी प्रेसमधून मुरमुऱ्यांचा डबा काढला. कपाटाला इथे, लेकीच्या परदेशात, प्रेस म्हणतात. तिने चार दाणे खाल्ले आणि पुन्हा म्हणाली, "मुरमुर." मी पुन्हा दिले. संध्याकाळी लेक कामावरून आली आणि सोफ्यावरचा सडा बघून हसत सुटली.

"अगं आई, ती तुला हाक मारतेय! याच्या भाषेत मूर म्हणजे आई. आईची आई ती मुरमुर."

'याच्या' म्हणजे जावयाच्या. तो नॉर्वेचा.

मी चौथी शिकलेली. आई दोनदा, असं मनाशी धरलं. दुसऱ्या दिवशी नातीला म्हटलं, "ये गं, मूर, मूर आलीय." ती दाराकडे धावली. दारात कोणी नव्हतं. तिचा ओठ वाकडा झाला. मी तिला आई आल्याचं सांगितलं होतं.

जावयाने टेबलावर ठेका धरून दाखवला. पहिल्या 'मुर'वर अख्खा तळहात, दुसऱ्यावर नुसती बोटं. "आई, एक शब्द. दोन नाही."

लेक म्हणाली, "तू देव, घर असं म्हणतेस का? देवघर म्हणतेस ना? तसं, एका दमात."

"देवघर मला कोणी शिकवावं लागलं नाही गं."

पंधरा दिवसांनी मला परत जायचं होतं. गावाकडचा माझा फोन बटणांचा, त्यात चेहरा दिसत नाही. फोनवर मी मुरमुर म्हटलं आणि पोर आईला शोधत गेली, तर मी तिची कोण?

सकाळी तिला ढकलगाडीत घालून कालव्याकाठी नेत असे. लेकीच्या क्लोनडॉकिन गावातल्या त्या पाण्याला वाहायची घाई नाही. धुक्यात झाडं अर्धीच दिसायची आणि चालता चालता मी आहे की नाही, असं वाटायचं. मी मुरमुर, मुरमुर पुटपुटत राहायचे. आधी दोन्ही तुकडे सारखेच जड पडत. मग कधीतरी पहिल्यावर भार आला आणि दुसरा त्याच्या मागून आपोआप ओघळला. कुत्रा फिरवणाऱ्या म्हाताऱ्याला वाटलं, मी त्याच्याशीच बोलले. "ग्रँड, ग्रँड," म्हणजे छान चाललंय, असं म्हणत तो धुक्यात गेला. मी लाजून मान खाली घातली. नात झोपलेली होती.

निघायच्या आदल्या दुपारी लेकीने खाली स्वयंपाकघरात आपला फोन नातीच्या हातात दिला. मी वरच्या खोलीत, उघड्या बॅगेशेजारी. जावयाचा फोन माझ्या कानाला.

"मुरमुर," मी एकदाच म्हटलं.

पलीकडे नुसता श्वास. मग लांबून लेकीचा आवाज, "अगं, फोन घेऊन कुठे निघालीस?"

जिन्यावर पावलं वाजू लागली. एक पायरी, थांबून दुसरी. मी जागची हलले नाही. तिचं येणं दारातूनही ऐकू येत होतं आणि फोनमधूनही.