रागाने शिकलेली मराठी

तुम्ही आत्ता वाचताय ही मराठी मी इंटरनेटवर शिकले, आणि एका बाईवर सूड उगवायचा होता म्हणून शिकले. माझी घरची मराठी वेगळी. आमचं घराणं बंगळुरात कधीपासून आहे ते कुणालाच नेमकं माहीत नाही. शहाजीराजांच्या वेळेपासून, असं वडीलधारे सांगतात. आमच्या बोलण्यात अर्धं कानडी मिसळलेलं. माझी शाळा कानडी आणि इंग्रजी. देवनागरी अक्षरं मला हिंदीच्या तासाला आली. मराठी म्हणजे घरात, नात्यातल्या लग्नात आणि अण्णांशी बोलायची गोष्ट. ती शिकावी लागते असं मला पस्तिशी उलटेपर्यंत वाटलं नव्हतं.

अण्णा म्हणजे माझे वडील. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर ते माझ्याकडे मारतहळ्ळीला राहायला आले. आम्ही दोघंच. आमच्या अपार्टमेंटमध्ये पुण्या-मुंबईकडची बरीच कुटुंबं आहेत, बहुतेक सगळी सॉफ्टवेअरमधली. त्यांनी मराठी मंडळ काढलं होतं. अध्यक्ष एक पुण्याची बाई, माझ्याच वयाची. दिसायला छान, बोलायला त्याहून छान. तिला मनातल्या मनातसुद्धा मी आता अहो-जाहो करत नाही, तेव्हा इथंही करणार नाही.

त्या वर्षी गणपतीत तिनंच अण्णांना गळ घातली. "काका, तुम्ही इथले जुने मराठी. पाच मिनिटं बोला ना, मुलांना कळू दे."

अण्णा खूश झाले. पांढरा शर्ट इस्त्री करून घेतला. खाली हॉलमध्ये माइक हातात घेऊन म्हणाले, "आमी हितलेच. मला स्वल्प भ्या वाटतंय, चुकलं तर सांभाळून घ्या. आमचे आजे-पणजे फौजेसंगट आलते म्हणून."

आणि थांबले. आमच्यात वाक्य तिथं संपतं. आले होते म्हणे, असा त्याचा अर्थ. मागून एक तरुण ओरडला, "म्हणून? म्हणून पुढे काय झालं काका?"

हॉल हसला. अण्णांना वाटलं, लोकांना आणखी ऐकायचंय. ते उत्साहानं पुढे बोलत गेले, आणि आमच्या पद्धतीनं दर दोन वाक्यांमागे 'म्हणून' येत गेलं, आणि दर वेळी हॉल हसत गेला. अध्यक्षबाई पहिल्या रांगेत तोंडावर रुमाल धरून बसली होती. तिचे खांदे हलत होते ते मला दिसत होते.

एवढंच असतं तर मी विसरले असते. दुसऱ्या दिवशी मंडळाच्या ग्रुपवर त्या भाषणाचा व्हिडिओ आला. वर लिहिलं होतं, 'म्हणून... पुढे काय?' खाली हसरे चेहरे. आणि त्याखाली अध्यक्षबाईचा मजकूर: 'काका गोड आहेत. पण मुलांच्या कानावर शुद्ध मराठी पडावी, एवढीच इच्छा.' शेवटी जोडलेले हात.

अण्णा त्या ग्रुपवर होते. मीच त्यांना घेतलं होतं.

 संध्याकाळी मी कामावरून आले तर त्यांनी विचारलं, "ऊटा आयता?" जेवलीस का, हे ते मला आयुष्यात पहिल्यांदा कानडीत विचारत होते. मला वाटलं, सहज आलं असेल तोंडात. पण नंतरही कानडीच. सकाळी कानडी, रात्री कानडी. मी मराठीत विचारायचं, त्यांनी कानडीत उत्तर द्यायचं. एकदा मी चिडून म्हणाले, "अण्णा, माझ्याशी तरी नीट बोला की." तर म्हणाले, "बिडम्मा, साकु." सोड गं, पुरे झालं.

त्या दिवसापासून मी त्या बाईच्या मागे लागले.

मी बोम्मसंद्र्याला एका कारखान्याच्या खरेदी विभागात काम करते. कंपनीच्या बसमध्ये जाता-येता भरपूर वेळ हातात असतो, कारण होसूर रोडवर बस चालते कमी आणि उभी राहते जास्त. त्या बसमध्ये कानात फोनची बोंडं घालून मी मराठी शिकायला लागले. ठरवलं होतं, तिच्याच मराठीत तिचं नाक कापायचं.

पहिल्यांदा सापडले ते व्हिडिओ. एक गृहस्थ शब्दांच्या जन्मकथा सांगायचे. आवाज भारदस्त, मागे तानपुरा. त्यांनी सांगितलं की 'पगार' हा शब्द संस्कृत; पग म्हणजे पाऊल, कामासाठी पावलं झिजवणाऱ्याला मिळतो तो पगार. मला ते इतकं आवडलं की मी लगेच ग्रुपवर लिहिलं. अध्यक्षबाईला दाखवायचं होतं की मलाही येतं.

काही मिनिटांतच तिचं उत्तर आलं. 'अहो, पगार पोर्तुगीज आहे. बंगळुरात शिकवत नाहीत वाटतं!'

ती बरोबर होती. मी शोधून पाहिलं, शब्द खरंच पोर्तुगीज. बस सिल्क बोर्डाच्या चौकात अडकली होती. मी खिडकीकडे तोंड करून बसले, शेजारचीला डोळे दिसू नयेत म्हणून. वडिलांच्या अपमानाचा सूड घ्यायला निघाले होते आणि माझंच हसं झालं होतं. त्या गृहस्थांच्या व्हिडिओखाली हजारो लोकांनी धन्यवाद लिहिले होते. सगळ्यांचा पगार संस्कृत होता.

एखादी दुसरी असती तर म्हणाली असती, इंटरनेटवर काही खरं नसतं, आणि सोडून दिलं असतं. माझा राग मला सोडू देत नव्हता. पुन्हा तिच्यापुढे चुकायचं नाही, एवढंच डोक्यात बसलं. कुठलीही गोष्ट वाचली की मी मनात त्या बाईला समोर उभी करायची. ती विचारणार, कशावरून? उत्तर नसेल तर ती गोष्ट मला आली नाही असं समजायचं. प्रेमानं शिकणारी माणसं गोड वाटेल ते मानत असतील. मला परवडत नव्हतं.

असं शोधता शोधता जुने कोश सापडले, पानं स्कॅन करून ठेवलेले, फुकट. एकात पाहिलेलं दुसऱ्यात पाहायचं, दुसऱ्यातलं तिसऱ्यात. कोश एकमेकांशी भांडतात हे मला तेव्हा कळलं. कोशांवरून मी मोडीवर गेले. एक निवृत्त गृहस्थ रविवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर मोडी लिपी शिकवायचे. आठ-दहा जण असायचो, कुणी नागपूरचं, कुणी दुबईचं. सर पहिल्याच दिवशी म्हणाले, "मी सांगतो म्हणून काही मानू नका. कागद समोर आहे, कागद वाचा." तानपुरावाल्याच्या तोंडून असं वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं.

एका रविवारी त्यांनी एका जुन्या पत्राचं पान पडद्यावर ठेवलं आणि मला वाचायला सांगितलं. मी अक्षर अक्षर लावत वाचत होते. पाऊस झाला नाही, माणसं पाठवतो, वगैरे. मग आलं, 'येणार म्हणोन लिहिले ते कळले.'

मी थांबले.

"काय झालं ताई? अडलं का?"

"नाही सर. आमचे अण्णा असंच बोलतात. येणार म्हणून सांगितला. आलते म्हणून. लोक हसतात त्यांना."

सरांनी ती ओळ स्वतः पुन्हा वाचली. मग म्हणाले, "जुन्या पत्रांत हे पानोपानी मिळेल तुम्हाला. पण घाई करू नका. कानडीतही अशीच रचना आहे. तुमच्याकडे हे जुन्या मराठीतून टिकलं, की शेजारच्या कानडीतून आलं, ते मला सांगता येणार नाही. दोन्ही असेल. चूक मात्र म्हणवत नाही."

कॅमेरा बंद करून मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. आनंद झाला होता, पण चांगल्या माणसाला होतो तसा नव्हे. हातात दगड आल्याचा आनंद होता तो.

मराठी भाषा दिनाला मंडळानं कार्यक्रम ठेवला. अध्यक्षबाईचं व्याख्यान, विषय 'अस्सल मराठी'. अण्णा येणार नाहीत हे मला ठाऊक होतं. मी एकटी गेले आणि मधल्या रांगेत, तिला सरळ दिसेन अशी बसले.

ती सुरेख बोलत होती, ते नाकारून चालणार नाही. सुरुवात केली मारतहळ्ळीपासून. हे नाव मुळात मराठ्यांचं गाव असं आहे, म्हणजे आपण इथे पाहुणे नाही, म्हणाली. टाळ्या. या नावाच्या दोन-तीन कथा मी ऐकल्या आहेत, अण्णा तर ते एका विमानाच्या नावावरून पडलं म्हणतात, आणि एकीचाही पुरावा मला मिळालेला नाही. मग ती शब्दांवर आली. कुठल्याही भाषेचं देणं न लागणारे आपले अस्सल मराठी शब्द: तूप, अडकित्ता, बांगडी, हुडकणे. वाक्य कानावर पडताच मी ओळखलं. हा लेख ग्रुपाग्रुपांतून फिरत माझ्याकडेही आला होता. मी तो कोशांशी ताडून पाहिला होता. ती तो शब्दशः वाचत होती.

शेवटी तिनं विचारलं, "कुणाला काही शंका?"

मी उभी राहिले. "तूप कानडी तुप्पावरून आलंय असं कोशात आहे. अडकित्ता, बांगडी, हुडकणे, हेही. पान दाखवू का पडद्यावर?"

प्रोजेक्टर सांभाळणाऱ्यानं माझा फोन जोडूनही टाकला. पान झळकलं.

"कोशांतही चुका असतात," ती हसत म्हणाली.

"असतात. म्हणून मी तीन पाहिले." मी पुढची पानं दाखवली. "तुम्ही कुठे पाहिलंत?"

"माझा या विषयाचा अभ्यास आहे."

"लेख माझ्याकडेही आला होता. शेवटची ओळ तेवढी तुम्ही वाचली नाहीत. 'आवडल्यास पुढे पाठवा.'"

हॉल हसला. अण्णांच्या वेळी हसला होता तसाच. तिनं हातातले कागद गोळा करायला घेतले. मी तिथं थांबू शकत होते. थांबले नाही. मी ते जुनं पत्र पडद्यावर लावलं, खाली माझ्या अक्षरात देवनागरी केलेलं. 'म्हणोन' या शब्दावर बोट ठेवून म्हणाले, "माझे वडील या हॉलमध्ये असं बोलले तेव्हा तुम्ही सगळे हसलात. हे मोडीच्या काळातल्या कारभारी लोकांचं लिहिणं आहे." आणि सरांनी सांगितलेली शंकाही सांगितली: कदाचित कानडीतून आलं असेल, कदाचित दोन्हींतून, नक्की ठाऊक नाही. ते न सांगता माझं म्हणणं जास्त ठसठशीत झालं असतं. पण माझी चूक म्हणून तिला पकडता येईल असं मला काहीही शिल्लक ठेवायचं नव्हतं.

"तुम्ही हे सगळं शिकलात कुठे?" तिनं विचारलं. आवाज उतरला होता.

"तुम्ही शिकलात तिथंच. इंटरनेटवर."

कुणीतरी व्हिडिओ काढला होता. संध्याकाळी तो ग्रुपवर आला, हसऱ्या चेहऱ्यांसकट. मी नव्हता टाकला. पण तो मी पुन्हा पुन्हा पाहिला.

काही दिवसांनी ती मला लिफ्टमध्ये भेटली. दोघीच होतो. म्हणाली, "तो व्हिडिओ ग्रुपवरून काढायला सांगाल का? ज्यांनी टाकलाय ते तुमचं ऐकतील. माझी आई त्या ग्रुपवर आहे."

"माझे वडील होते," मी म्हणाले.

लिफ्ट थांबली. ती तिच्या मजल्यावर उतरली. मी कुणाला काही सांगितलं नाही.

अण्णांना व्हिडिओ मी स्वतः दाखवला. चष्मा लावून त्यांनी पूर्ण पाहिला. 'म्हणोन' आलं तिथं थांबवून पडद्यावरचं अक्षर मोठं करून बघितलं. मग फोन परत देत म्हणाले, "चन्नागि माताडिदे." छान बोललीस. कानडीत. मी वाट पाहिली. त्यापुढे काही आलं नाही. आत्याशी फोनवर ते अजून मराठीत बोलतात, खोलीचं दार लोटून. मी बाहेर उभी राहून ऐकते कधी कधी. माझ्याशी मराठी परत आलेली नाही. त्या बाईकडून ते वसूल करायचं राहिलंय, आणि कसं करायचं ते मला माहीत नाही.

मध्यंतरी एका रविवारी मोडीच्या वर्गात एक नवा चौकोन उघडला. कॅमेरा बंद, खाली तिचं नाव. सरांनी स्वागत केलं. मी माझा कॅमेरा चालू ठेवला, तिनं मला बघावं म्हणून. पहिले काही आठवडे ती नुसती ऐकत होती. मग सरांनी तिला वाचायला दिलं. सोपंच पान होतं, कुणाचा तरी बैल हरवल्याची तक्रार. ती पहिल्याच ओळीत अडखळली. दुसऱ्या ओळीत पुन्हा. 'बैल'च तिला लागेना.

"कुणी मदत करील का?" सरांनी विचारलं.

मला ते पान तोंडपाठ होतं. मी माझा माइक बंद आहे ना, ते एकदा पाहिलं, आणि ती अक्षर अक्षर चाचपडत असताना शांतपणे ऐकत बसले.