ड्रॉइंगमध्ये नसलेल्या चार ओळी

विजूमामा शेवटचा आमच्या घरी आला तेव्हा त्याने बेल वाजवलीच नाही. दुपारचे चार वाजले असतील, मी घरात एकटी होते. जिन्यात पावलं वाजली आणि आमच्या मजल्यावर थांबली, म्हणून मी दाराच्या पीपहोलला डोळा लावला. ते पीपहोल मामानेच बसवलेलं, माझी आई बुटकी म्हणून नेहमीपेक्षा चार बोटं खाली. मला वाकूनच बघावं लागतं. बाहेर आमच्या चपलांच्या कपाटावर मामा बसला होता. एक बूट काढलेला, दुसऱ्याची नाडी हातात. आता उठेल, बेल वाजवेल, म्हणून मी थांबले. आपणच दार उघडून ‘मामा, बाहेर का बसलास?’ म्हणायचं, एवढंच होतं… पण पहिलं वाक्य बोलायला मला कायम वेळ लागतो. त्याने काढलेला बूट परत घातला आणि तो जिना उतरून गेला. सहा दिवसांनी शैलामामीचा फोन आला, मामाला फिट आली म्हणून. आई आणि मी डोंबिवलीहून कल्याणला हॉस्पिटलमध्ये पोचलो तेव्हा मामी बाहेरच्या बाकावर एकटी बसली होती. मामाचे मोजे तिच्या मुठीत होते. काही विचारायची गरज पडली नाही.

मामा विठ्ठलवाडीला राहायचा आणि कोलशेतच्या एका कंपनीत फिटर होता. त्याचं जग ड्रॉइंगवर चालायचं. साहेबाने कागदावर काढून दिलं तेवढंच करायचं. मनाचं एक भोकही पाडायचं नाही. एकदा आईने त्याला स्वयंपाकघरात फळी ठोकायला सांगितली, तर म्हणाला, “ताई, काढून दे.” आईने वहीच्या पानावर घाईत दोन रेघा ओढल्या. संध्याकाळी फळी तिरकी! “ड्रॉइंगमध्ये तिरकीच होती,” तो हसू दाबत म्हणाला. फळी अजून तशीच आहे. वाटी ठेवली की घसरते. असा माणूस सकाळी डबा घेऊन निघायचा आणि कंपनीत न पोचता परत यायचा, हे आम्ही काही वर्षं बघत होतो. घरात ‘दारू’ हा शब्द कुणी उच्चारत नसे. ‘त्याचं ते’ म्हणायचे सगळे.

‘त्याचं ते’ घालवणारी चांगली जागा शोधायचं काम माझ्याकडे आलं. “तू इंग्लिश मीडियमची, तुला सगळं कळतं,” आजी, म्हणजे मामाची आई, म्हणाली. मला फोनवर बोलायची भीती वाटते, म्हणून मी प्रश्न कागदावर लिहून घेतले. डॉक्टर रोज असतात का? बाहेर पडल्यावर पुढे काय? इथून गेलेल्यांपैकी वर्षभराने किती जण न पिता राहतात, हे तुम्ही बघता का? शेवटच्या प्रश्नाला एक माणूस म्हणाला, “मॅडम, तुम्हाला पेशंट ॲडमिट करायचाय की इंटरव्ह्यू घ्यायचाय?” दुसऱ्याने शंभर टक्के गॅरंटी दिली. ठाण्याच्या एका हॉस्पिटलमधल्या डॉक्टरबाई मात्र म्हणाल्या, “गॅरंटी नाही. औषध, समुपदेशन आणि नंतर दीड-दोन वर्षं येत राहणं, याचा उपयोग होतो हे तपासून बघितलेलं आहे. सगळ्यांना होतोच असं नाही.” मला हे पहिलं खरं उत्तर वाटलं. घरी सांगितल्यावर आजी म्हणाली, “ज्या बाईला स्वतःचीच खात्री नाही, तिच्याकडे कशाला न्यायचं?” मी प्रश्नांचा कागद घडी घालून ठेवून दिला. गॅरंटीवाली जागा खडवलीच्या बाजूला होती. मामा तीन महिने तिथे कुलपात राहिला, डॉक्टर एकदाही दिसला नाही, आणि घरी आल्यावर आठव्या दिवशी तो पिऊन आला.

मग ठाणं. तीन आठवडे वॉर्डमध्ये, नंतर दर पंधरा दिवसांनी जायचं. सोडताना त्यांनी दोन पानांचं सूचनापत्र दिलं. मराठी पत्रकं संपली होती, म्हणून मिळालं ते इंग्रजीत. “काय मॅडम, मराठीत काढून द्या की ड्रॉइंग,” मामा म्हणाला. मी आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसून एकेक ओळ मोठ्याने वाचत मराठीत लिहू लागले. मामा शेजारी बसून चिडवत होता, “चौथीतलं पोर बरं अक्षर काढेल.” शेवटी वेगळ्या चौकटीत चार ओळी होत्या. पुन्हा पिणं सुरू होऊ शकतं. तसं झालं तर लाजू नका. रोज पीत असाल तर घरच्या घरी एकदम बंद करू नका, त्याने जिवाला धोका होतो. लगेच आमच्याकडे या. मी पहिलं वाक्य अर्धं वाचलं असेल, आईने मला थांबवलं. “आजच घरी आलाय. असलं अभद्र लिहू नकोस.” मी पेनाचं टोपण लावलं. मला त्या ओळींचा अर्थ घरात सगळ्यांत नीट कळला होता. आई बाजूला गेल्यावर लिहिता आल्या असत्या, दुसऱ्या दिवशी लिहिता आल्या असत्या… मी लिहिल्या नाहीत. त्याच संध्याकाळी आजीला खुर्चीत बसवून सगळ्यांनी मामाला तिच्या डोक्यावर हात ठेवायला लावला. ‘पुन्हा शिवणार नाही.’ आमच्याकडे अशी शपथ मोडली तर ज्याच्या डोक्यावर हात ठेवला ते माणूस जातं म्हणतात.

पुढचे आठ महिने चांगले गेले. मामाचे गाल भरले. फोन करून म्हणायचा, “मॅडम, ड्रॉइंगप्रमाणे चाललंय.” तो कागद तो डब्याच्या पिशवीत ठेवायचा.

नंतरचं मामीकडून तुकड्यातुकड्यांनी कळलं. कंपनीतल्या कुणाच्या तरी निरोप समारंभापासून पुन्हा सुरुवात झाली असावी. तो कुणालाच बोलला नाही. बोलला असता तर शपथ मोडल्याचं कळलं असतं, आणि आजीचं रोजचं बीपीसुद्धा त्याला स्वतःमुळे वाढल्यासारखं वाटत असणार. ठाण्याला जाणंही त्याने टाळलं. मग एके दिवशी, ताप आलाय सांगून तो घरात झोपून राहिला. हात थरथरत होते, घाम सुटत होता. मामीला वाटलं मलेरिया. ती पेज भरवत राहिली. तो आपला आपण, एका दमात, पिणं बंद करत होता. दिलेला शब्द पाळत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी फिट आली.

परवा मामी आली. मामाला जाऊन आता महिना होऊन गेला. तिने बेल वाजवली, मी दार उघडलं. ती चपलांच्या कपाटावर बसून सँडल काढत होती. एक काढली आणि पर्समधून माझा कागद काढून माझ्या हातात दिला. घड्यांवर फाटलेला, तेलाचे डाग पडलेला. प्रत्येक ओळीपुढे मामाने पेन्सिलने बरोबरची खूण केली होती. गोळी वेळेवर. रिकाम्या पोटी राहायचं नाही. पगाराच्या दिवशी घरच्यांसोबत यायचं.

“यातलं सगळं करायचा बघ तो,” मामी म्हणाली. “पण परत प्यायला तर काय करायचं, ते कुठे सापडलं नाही मला. त्या इंग्लिश कागदात होतं का गं?”

मागे स्वयंपाकघरात आईने नळ बंद केला.

“होतं,” मी म्हणाले. “मी लिहिलं नाही.”

मामीने माझ्याकडे बघितलं नाही. दुसऱ्या सँडलचा पट्टा तिच्या बोटांत तसाच होता. तो काढून ती आत येईल, की पहिली सँडल परत घालून जिना उतरेल, मला कळत नव्हतं. मी दार उघडं धरून उभी राहिले.