बारावी फ्रिक्वेन्सी

माझा मामा विमानांच्या वायरी जोडायचा. धावपट्टीवर त्याला सगळे डाखमामा म्हणत, कारण तारा सांधायला डाख देताना निघणाऱ्या धुराचा वास त्याच्या अंगाला कायम असे. "अंघोळ करून आला तरी फुटक्या रेडिओसारखा वास मारतो," मामी म्हणायची. मामा हसायचा नाही. हसण्याची वायर देवाने जोडायचीच ठेवली, असं मी तोंडावर म्हणायचे, तेव्हा मात्र त्याच्या मिशीचं एक टोक हलायचं.

आमचं मैदान म्हणजे एक धावपट्टी, एक पत्र्याची शेड, आणि शेडच्या माथ्यावर माझी रेडिओची खोली. तिथून मी येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांशी बोलायचे. ही नोकरी मामानेच शब्द टाकून मिळवून दिली होती. माझ्या खिडकीतून खाली शेडच्या दाराशी त्याचं टेबल दिसे. टेबलावर पक्कड, तारा बांधायचा मेण लावलेला दोरा आणि चष्मा ठरल्या जागी. चष्मा जागेवर नसला की तो घरी गेला असं समजायचं.

त्या काळात पायलट लोकांना खिशात मावणाऱ्या जीपीएसचं वेड लागलं होतं. स्वतःच विकत आणायचे आणि मामाकडे यायचे, "एवढं विमानाला जोडून द्या." म्हणजे त्या यंत्राने वाट सांगायची आणि विमानाने आपोआप तिकडे वळायचं. पाच-सहा तारांचं काम. दुसऱ्या कुणी एका सकाळीत उरकलं असतं. मामाला दोन दिवस लागत. प्रत्येक तारेवर स्वतःच्या बारीक अक्षरात चिठ्ठी, बोटाबोटाच्या अंतरावर दोऱ्याची गाठ. पायलट वैतागून म्हणत, "मामा, लग्नाचं दार सजवताय का?"

जोडणी झाली की तपासणी. उपग्रहाचा आवाज फार क्षीण असतो. शेजारीच विमानाचा रेडिओ काही ठरावीक फ्रिक्वेन्सींवर बोलू लागला, की जीपीएसला उपग्रह ऐकू येत नाही. अशा बारा फ्रिक्वेन्सींची यादी शेडच्या भिंतीवर चिकटवलेली होती. एकेक लावायची, बोलायचं बटण अर्धा मिनिट दाबून धरायचं, आणि उपग्रह किती ऐकू येतो ते दाखवणाऱ्या जीपीएसवरच्या उभ्या रेघा खाली पडतात का ते पाहायचं. बारावी फ्रिक्वेन्सी आमच्याच मैदानाची होती. ती कुणी अर्धा मिनिट अडवली, तर येणाऱ्या विमानाला बोलताच येणार नाही. एकदा मामाने ती दाबली तेव्हा मी खिडकीतून ओरडले होते, "लाइन सोड! इथे लोक उतरतायत!" मग तपासणीच्या वहीत बारावीसमोर, बटण न दाबताच, नुसती खूण करायची, हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलं. मामाच्याही. उभ्या आयुष्यात वहीत त्याने केलेली लबाडी एवढीच.

टपालाचं विमान चालवणारा पायलट मामाचा एकुलता एक दोस्त. दुपारी दोघं शेडबाहेरच्या बाकावर डबा खात. पायलट अखंड बडबड करी आणि मामा हुं म्हणे. त्याचं यंत्र मामाने तीन दिवस घेऊन जोडलं. बारा खुणा केल्या आणि सही केली.

महिन्याभराने, एका दुपारी, तो परत येत असताना डोंगरावर धुकं उतरलं. बडबडीचा आवाज ऐकून मामा माझ्या खोलीत येऊन मागे उभा राहिला.

"दिसत काही नाही, पण यंत्र आहे ना," पायलट म्हणाला. मग थोड्या वेळाने, "हे मधेच गंडतंय. पुन्हा येतंय, पुन्हा जातंय."

मी म्हणाले, "घाबरू नका. बोलत राहा. मी आहे इथे. थांबू नका, बोलत राहा."

तो बोलत राहिला. घराबद्दल, बायकोने रंगवायला काढलेल्या खोलीबद्दल. अकरा मिनिटं. मग आवाज बंद झाला. विमान संध्याकाळी डोंगराच्या कुशीत सापडलं.

चौकशी झाली. वैमानिकाची चूक, वाट भरकटला, असं लिहून साहेब लोक मोकळे झाले. मेलेल्या माणसाच्या डोक्यावर खापर फोडणं सोपं असतं. त्याच्या बायकोला दुकानात ऐकावं लागे, "फार शहाणपणा करायचे म्हणे." मामाने बाकावर डबा खाणं सोडलं. मग डबाच सोडला.

तिसऱ्या महिन्यात, सुट्टीच्या दिवशी, तो माझ्याकडे आला. "एकही विमान यायचं नाही ना? मला पाच मिनिटं बारावीची लाइन दे." टपालाच्याच दुसऱ्या, तशाच विमानात त्याने तसंच यंत्र तसंच जोडलं होतं. वर बसून मी त्याचा आवाज ऐकला. एक, दोन, तीन, असे तो बटण दाबून आकडे मोजत होता. एकोणिसाला आवाज चिरकला. तरी तिसापर्यंत मोजलंच.

वर येऊन त्याने पाणी मागितलं. "सगळ्या रेघा पडतात," एवढंच म्हणाला. त्याने चौकशीवाल्यांना पत्र लिहिलं. वैमानिकाच्या नावावरचा डाग धुऊन निघाला, मामाचा परवाना गेला. आता तो घरी शेजाऱ्यांचे पंखे दुरुस्त करतो आणि चष्मा कुठेही टाकतो.

पत्राची प्रत फाइलला लावायला माझ्याकडे आली. "बारावी फ्रिक्वेन्सी मी तपासली नाही. वैमानिक बटण दाबून बोलला की यंत्र आंधळं होत होतं. वैमानिक स्वतःहून, न थांबता बोलत होता."

स्वतःहून.

आमच्याकडे आवाज टिपणारं यंत्र नव्हतं, आणि माझ्या वहीत फक्त वेळा होत्या. मी तडक मामाकडे गेले. "तू माझ्या मागे उभा होतास. मी काय सांगत होते ते तू ऐकलंस."

तो पंख्याचा स्क्रू फिरवत राहिला. "म्हातारा झालो. कमी ऐकू येतं."

"मामा, खोटं लिहिलंस तू."

"सही माझी आहे," तो म्हणाला. "तू घरी जा."

दुसऱ्या आठवड्यात पायलटची बायको माझ्या खोलीत आली. नवऱ्यावरचा डाग गेला म्हणून ती मामाला भेटून आली होती, आणि आता मला भेटायला दोन जिने चढली होती. तिने माझा हात हातात घेतला.

"त्यांनी बोलत राहावं म्हणून तुम्ही शेवटपर्यंत धीर देत होतात, असं तुमच्या मामांनी मला अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं," ती म्हणाली. "मी तेवढ्याच आधारावर जगतेय हो."

रेडिओ चालू होता. मी तिचा हात सोडला नाही, आणि हो म्हणून मान हलवली.