छापून आल्यानंतर

छापलेल्या अक्षरावर आख्ख्या हिंगोली जिल्ह्यात सगळ्यात कमी विश्वास कुणाचा असेल, तर तो आमच्या कॉलेजातल्या पत्रकारितेच्या सरांचा. आणि जन्मभर शिकवली मात्र त्यांनी पत्रकारिताच. आधी आखाडा बाळापूरचे वार्ताहर, मग दैनिकात उपसंपादक, मग प्राध्यापक, असा त्यांचा चढता प्रवास. पण सकाळी पेपर हातात आला की हा माणूस आधी कात्री शोधायचा. बातमी कापायची, तिच्यातल्या माणसाचं घर गाठायचं, त्याला ती मोठ्यानं वाचून दाखवायची आणि विचारायचं, "बराबर हाय का? आन् छापून आल्यावर काय झालं?" हेच त्यांचं संशोधन. दोन मार्गदर्शक निवृत्त झाले, प्रबंध काही संपेना. मी डिवचलं की म्हणायचे, "बातमीतली माणसं अजून जगून राहिलीत ना! मी काहून घाई करू?"

मी वनस्पतीशास्त्राचा. या उचापतीशी माझा काडीचा संबंध नव्हता. पण माझ्याकडे स्कूटर होती आणि सरांना सायकलसुद्धा धड चालवता येत नव्हती. एकदा कुठल्याशा सत्काराच्या बातमीत 'मान्यवर उपस्थित होते' म्हणून पंधरा नावं आली. झालं! पंधराही घरांचे उंबरे आम्ही झिजवले. एक मान्यवर त्या दिवशी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्यात होते. हळदीचे एक व्यापारी तर हात जोडून म्हणाले, "सर, मी नव्हतो तिथं. पन नाव राहू द्या. सोयरे वाचतेत!" बाहेर येऊन सर पोट धरून हसले आणि मग वहीत ते वाक्य जसंच्या तसं उतरवलं. विद्यार्थ्यांनाही तीच शिक्षा. लिहिलेली बातमी ज्याची त्याला ऐकवून आल्याशिवाय ते तिच्यावर लाल पेन चालवत नसत. पोरं कुरकुरायची, पण जायची.

मला कुतूहल होतं ते त्यांच्या खिशातल्या एका कात्रणाचं. प्लास्टिकच्या पिशवीत घडी केलेलं, पिवळं पडलेलं. बाकीची सगळी फायलीत, हे एकटंच छातीशी. विचारलं की हवापाण्याच्या गप्पा सुरू. मग निवृत्तीला आठवडा उरला असताना एका सकाळी स्वतःच म्हणाले, "चला, साखरा गावाच्या बाजूला एका तांड्यावर जायचंय." वाटेत अवाक्षर नाही. अहो, हे गृहस्थ ताप आला तरी बोलायचे! शेवटी एका फाट्यावर मीच गाडी थांबवली आणि म्हणालो, "आता सांगता की परत फिरू?"

सांगितलं. वार्ताहर असताना तांड्यावरच्या नव्या हापशाच्या उद्घाटनाचं निमंत्रण आलं होतं. ऊन म्हणून सर गेलेच नाहीत. एसटीच्या डेपोत बसून निमंत्रणपत्रिकेवरूनच बातमी लिहिली. बातमीत जीव यावा म्हणून एका कंडक्टरला तांड्यातल्या एका बाईचं नाव विचारलं आणि तिच्या तोंडी घातलं, "आता आमची पायपीट थांबली." उद्घाटन त्या दिवशी रद्द झालं होतं. हापसा बसलाच नाही. पुढं तांड्यानं जेवढे अर्ज केले, तेवढ्यांना कचेरीनं हेच कात्रण दाखवलं. पाणी आलंय, तुमचीच बाई सांगते! कितीतरी उन्हाळे तांडा लांबून पाणी आणत राहिला आणि बोल लागला त्या बाईला. "सगळ्यायकडं गेलो," सर म्हणाले, "हिच्याकडं तेवढा न्हाई गेलो. भेव वाटलं."

बातमीतल्या त्या धुरपताबाई अंगणात हळकुंडं निवडत बसल्या होत्या. सरांनी कात्रण वाचलं. पुढचा नेहमीचा प्रश्न मात्र त्यांच्या तोंडून फुटेना.

"तूच का रं तो?" म्हातारीनं वर पाहिलं. "सासू मरेस्तोवर म्हनायची, तुझ्या तोंडानंच पानी अडलं. म्या म्हनायची, म्या बोललेच न्हाई. तर म्हनायचे, पेपरात हाय की!"

सरांनी हात जोडले. ती म्हणाली, "मला काय सांगतूस? तवा आख्ख्या तांड्यानं ऐकलं व्हतं. आताबी समद्यायला सांग."

हाका गेल्या. माणसं जमली. तीस वर्षं वर्ग गाजवलेला आमचा माणूस उभा राहिला आणि म्हणाला, "या बाई काहीच बोलल्या नव्हत्या. ते मी मनानं लिहिलं." मागचा एक म्हातारा पुटपुटला, "मंग आमी उगंच हिला..." आणि मान खाली घालून बसला. धुरपताबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मग उठून आत गेल्या आणि तांब्याभर पाणी आणून सरांपुढं ठेवलं.

परतताना सर एवढंच म्हणाले, "तुम्ही हे कधीतरी लिहिणार. छापायच्या आधी तिला वाचून दाखवा."

सर आता लेकीकडे नागपूरला असतात. स्कूटरची मागची सीट रिकामीच असते आणि मला त्यांची फार आठवण येते. परवा हे लिहून तांड्यावर गेलो आणि वाचून दाखवलं. धुरपताबाईंनी डोळे मिटून सगळं ऐकलं. "बराबर हाय," म्हणाल्या. "पन पानी न्हाई, चहा दिला व्हता."

मी सरांना फोन लावला. त्यांनी पहिलं विचारलं, "काय चुकलं?" मी सांगितलं.

"मलाबी पाणीच आठवतंय," ते हळूच म्हणाले. "पण तुम्ही तिचं छापा."